हुशार आहे, स्वमग्न आहे की दोन्ही?

गेल्या काही महिन्यांत आलेली बरीच पत्रं एकाच प्रश्नाची आहेत, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम. पत्रं थोडी आखूड केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, मोठ्या गटात जातो. अडीच वर्षांचा असल्यापासून आकडे वाचतो. आमचं घर मिरज स्टेशनजवळ आहे. आज त्याला इथून जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचे नंबर, थांबे, इंजिनांचे प्रकार पाठ आहेत. महालक्ष्मी म्हटलं की '१७४११', कोयना म्हटलं की '११०२९'. शाळेतून मात्र सारख्या तक्रारी येतात. गोलात बसत नाही, बडबडगीतं लावली की कान झाकतो, मुलांत मिसळत नाही, बाईंचं फळ्यावर काही चुकलं तर सगळ्यांसमोर सांगतो. गेल्या महिन्यात डायरीत लिहून आलं, 'ऑटिझमची तपासणी करून घ्यावी.' सासूबाई म्हणतात, याचे आजोबा अस्सेच होते, गणितात पहिले आणि कुणाशी बोलणं नाही, त्यांचं काय बिघडलं? हे म्हणतात, हुशार मुलं अशीच असतात, शाळेलाच झेपत नाही. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही. एकदा शिक्का बसला की तो आयुष्यभर राहील ना?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात गाड्यांबद्दल पुष्कळ आहे. मला जे हवं आहे ते त्याच्या थोडं पलीकडे आहे. तो तुम्हाला महालक्ष्मीचा नंबर सांगतो तेव्हा तुमच्याकडे बघतो का? तुम्ही पोळ्या लाटताना 'हं, हं' करत असलात तर त्याच्या लक्षात येतं का, की आईचं लक्ष नाही? की तो बोलत राहतो आणि तुम्ही स्वयंपाकघरातून उठून गेलात तरी वाक्य पूर्ण करतो? गाडी येताना दिसली की तो एकटाच बघत उभा राहतो, की पळत येऊन तुमचा पदर ओढून 'आई, बघ बघ' करतो?

हे विचारण्याचं कारण असं की तुम्ही लिहिलेली प्रत्येक गोष्ट दोन्हीकडे सापडते. लवकर वाचायला लागणं, एका विषयात बुडून जाणं, अफाट पाठांतर, बरोबरीच्या मुलांचा कंटाळा, चूक दिसली की गप्प न बसणं. नुसत्या अशा यादीवरून 'हुशार' म्हणता येणार नाही आणि 'स्वमग्न' म्हणता येणार नाही. फरक दिसतो तो मूल ही हुशारी माणसांमध्ये कशी वापरतं त्यात. मी मुलांना तपासते तेव्हा 'याला किती येतं' हे मी नंतर बघते. जे येतं ते याला कुणाला तरी दाखवावंसं वाटतं का, हे आधी बघते.

हे वाटणं फार लवकर सुरू होतं. वर्षाच्या आसपास मुलं बोट दाखवायला लागतात. 'मला ते दे' म्हणून दाखवलेलं बोट वेगळं आणि 'ते बघ, विमान' म्हणून दाखवलेलं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मुलाला काही नको असतं. त्याला फक्त तुम्हीही ते बघायला हवे असता, म्हणून ते विमानाकडे बघतं, मग तुमच्या तोंडाकडे, मग पुन्हा विमानाकडे. स्वमग्न मुलांमध्ये हे बोट बरेचदा उशिरा येतं, कमी येतं किंवा येतच नाही. साडेपाच वर्षांनंतर हे आठवणं अवघड, पण तुमच्या फोनमध्ये जुने व्हिडिओ असतील. पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाचे काढा. केक सोडून द्या, मुलाचे डोळे बघा. हाक मारल्यावर वळतो का, कुणी टाळ्या वाजवल्या की त्या माणसाकडे बघून हसतो का, हातात काही आलं की ते कुणाला उंचावून दाखवतो का. असे चार-पाच व्हिडिओ तपासणीला येताना बरोबर आणा. पालकांच्या आठवणीपेक्षा मला त्यांचा जास्त उपयोग होतो.

आता गाड्यांकडे येऊ. मिरजेत एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते, मोठे, मीटरचे आणि बार्शी लाइटचे अरुंद. पंढरपूरची गाडी त्या अरुंद रुळांवरून जायची. हे आजोबांकडून ऐकलं की एखादा मुलगा विचारतो, 'मग मोठ्या गाडीतून आलेल्या माणसांनी काय करायचं? सामान कोण हलवायचं? रूळ का बदलले?' घरी आला की खुर्च्या मांडून गाडी करतो, बहिणीला गार्ड करतो, स्वतः टीसी होऊन आजीचं तिकीट फाडतो, आणि आजी विनातिकीट निघाली तर दंड करून पुन्हा सोडूनही देतो. दुसऱ्या मुलाला सगळे नंबर येतात, तो डबे एका रांगेत लावतो, कुणी मधला डबा हलवला तर अर्धा तास रडतो, आणि बहिणीला खेळात घेतलं तर तिला काय करायचं असतं याला त्याच्या लेखी जागाच नसते. पहिल्या मुलाबाबत मी निश्चिंत असते, दुसऱ्याबाबत पुढे तपासते. पण ही दोन टोकं झाली. प्रत्यक्षात माझ्याकडे येणारी मुलं मधली असतात. स्वमग्न मुलंही 'का' विचारतात, फार सुंदर विचारतात. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका आणि कुणाला देऊही देऊ नका.

माझ्या खोलीत मी एक साधी गोष्ट करते. गप्पा चालू असताना मध्येच म्हणते, 'मी काल साताऱ्याला गेले होते,' आणि थांबते. पुढे काहीच बोलत नाही. एका सात वर्षांच्या मुलीनं लगेच विचारलं, 'कशाला? कंदी पेढे आणले का?' आणि माझ्या टेबलावर शोधायला लागली. तेवढ्याच वयाचा, तेवढाच हुशार एक मुलगा म्हणाला, 'सातारा चार एक पाच शून्य शून्य एक.' पिनकोड अचूक होता. मग कराडचा सांगितला, मग फलटणचा. मी पुन्हा म्हटलं, 'तिथे एक गंमतच झाली,' आणि थांबले. तो वाईचा पिनकोड सांगायला लागला. त्याला माझ्याशी बोलायचं नव्हतं असं मुळीच नाही, तो खूश होता, माझ्या शेजारी येऊन बसला होता. माझ्या बोलण्यात त्याच्यासाठी एक दार उघडं ठेवलेलं आहे, हे त्याला कळलं नव्हतं. अशा एका प्रसंगावरून मी निदान करत नाही, पण तासाभरात असे आठ-दहा प्रसंग येतात आणि त्यातून चित्र तयार होतं. तुम्ही घरी हे करून बघा, फक्त परीक्षा घेतल्यासारखं नको.

मुलांत मिसळत नाही, या तक्रारीबद्दल. फार बुद्धिमान मुलं बरोबरीच्यांत एकटी पडतात, हे जुनंच निरीक्षण आहे. अमेरिकेत लेटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी गेल्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत अतिशय उच्च बुद्ध्यांकाच्या मुलांचा अभ्यास केला, आणि ही मुलं खेळाचे नियम इतके गुंतागुंतीचे करतात की बाकीची पळून जातात, असं त्यांना दिसलं होतं. अशा मुलाला त्याच्या बुद्धीच्या जोडीचं कुणी मिळालं की तो खुलतो. म्हणून प्रयोग करा. ओळखीत आठ-नऊ वर्षांचा रेल्वेवेडा मुलगा असेल तर त्याला दोन-तीन रविवार घरी बोलवा आणि दुरून बघा. दोघं एकमेकांना विचारतात, वाद घालतात, तुमच्या मुलानं ऐकून घेऊन स्वतःचं म्हणणं बदललं, असं दिसलं तर अडचण बऱ्याच अंशी जोडीदाराची होती. तिथेही दोघं दोन बाजूंना तोंड करून आपापलं सांगत बसले, किंवा तुमचा मुलगा त्याला सोडून नकाशाकडे गेला, तर अडचण तुमच्या मुलाबरोबर त्या खोलीतही आली आहे. माझ्या अनुभवात हा घरगुती प्रयोग पुष्कळ सांगून जातो.

कान झाकण्याबद्दल इतकंच सांगते. आवाजाचा त्रास स्वमग्नतेत खूप मुलांना होतो, पण तो एकटा असेल तर पुरेसा नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेप्रमाणे सामाजिक संवादातल्या तीनही बाबतींत अडचण लागते. बोलण्या-वागण्यातली देवाणघेवाण ही एक, नजर-हावभाव ही दुसरी आणि नाती जोडणं-टिकवणं ही तिसरी. शिवाय ठरावीक वागण्याच्या चार प्रकारांपैकी किमान दोन असावे लागतात : तीच तीच हालचाल किंवा बोलणं, बदल अजिबात न चालणं, अतितीव्र आवड, आणि आवाज-स्पर्श-वास यांचा अति किंवा अगदी कमी त्रास. हे सगळं लहानपणापासून असलं पाहिजे आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात अडचण येत असली पाहिजे. तुमच्या पत्रात चारपैकी दोन गोष्टी दिसतात. पहिल्या तिन्हींबद्दल मात्र मुलांत मिसळत नाही एवढंच आहे, बाकी तुम्ही लिहिलेलंच नाही. त्यामुळे शाळेनं सुचवलेली तपासणी करा. शाळेनं निदान केलेलं नाही, शंका घेतली आहे, आणि ती रास्त आहे.

आता घरातल्या दोन मतांबद्दल. 'हुशार आहे म्हणजे ऑटिझम नाही' हे तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची पहिली मांडणी केली. त्यातला पहिलाच मुलगा, मिसिसिपीतला डॉनल्ड, दोन आकडी गुणाकार तोंडी करायचा. पुढे तो पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जग फिरला आणि म्हातारा होऊन २०२३ साली वारला. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी संस्थेनं आठ वर्षांच्या मुलांची २०२० साली पाहणी केली. ज्या स्वमग्न मुलांचा बुद्ध्यांक माहीत होता, त्यांपैकी सुमारे ३८ टक्के मुलांचा तो ७० किंवा त्याखाली, म्हणजे बौद्धिक अक्षमतेच्या पट्ट्यात होता. म्हणजे उरलेली साठ टक्क्यांहून जास्त मुलं त्याच्या वर होती, आणि त्यांत काही फार वर असतात. बुद्ध्यांकाची चाचणी ही थर्मामीटरसारखी आहे. ताप बिनचूक सांगेल, पण कानाला ऐकू येतं का हे तिला विचारायचं नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी गंभीरपणे घेते. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि त्यांच्या लहानपणी हे तपासायला कुणी नव्हतं. आजोबांचं काही बिघडलं नाही असं त्यांना वाटतं, ते खरंही असेल. पण त्यांना एकदा निवांत विचारा, आजोबांना मित्र होते का, लग्नकार्यात ते कुठे बसायचे, घरातली कोणती गोष्ट जागेवरून हललेली त्यांना चालायची नाही. मला ही माहिती उपयोगी पडेल, आणि सासूबाईंनाही आपलं ऐकून घेतलं गेलं असं वाटेल.

कुठे जायचं? बालविकासतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. जिल्हा रुग्णालयांना जोडलेली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून चालतात, तिथे खर्च येत नाही. तिथेही विचारा. स्वमग्नतेसाठी आपल्याकडे आयएसएए ही चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनी वापरतात. सत्तरच्या खाली गुण आले तर ती स्वमग्नता धरत नाही. माझं मत असं की भरभर बोलणारं हुशार मूल या मापनीत सहज निसटतं, तेव्हा नुसत्या गुणांवर थांबणाऱ्या तज्ज्ञापेक्षा मुलाबरोबर जमिनीवर बसून खेळणारा तज्ज्ञ शोधा. वीस मिनिटांत, मुलाशी न बोलता, नुसतं तुम्हाला प्रश्न विचारून कुणी हो किंवा नाही म्हणालं तर दुसरं मत घ्या.

बुद्धीची चाचणीही करून घ्या. बिने-कामत चाचणी मराठीत आहे, नागपूरच्या मालिन यांची मुलांसाठीची चाचणी आहे, वेक्सलरची भारतीय आवृत्ती आहे. अहवाल आला की एकूण आकड्यावर थांबू नका, आतले विभाग बघा. शब्दज्ञान आणि आकृत्यांत आभाळाला टेकलेला आणि वेगाच्या कामात सरासरीला आलेला मुलगा वर्गात 'आळशी' ठरतो. असा चढउतार नुसत्या बुद्धिमान मुलांतही दिसतो आणि स्वमग्न मुलांतही, त्यामुळे त्यावरून निदान करू नये. पण शाळेत त्याला काय जड जातं, हे त्यातून नक्की कळतं.

शिक्क्याची भीती मला कळते. पण साडेपाच वर्षांच्या तुमच्या मुलावर आत्ताच शिक्के आहेत, उद्धट, शिष्ट, लाडावलेला. निदान झालं तर हे शिक्के निघायला मदत होते, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. तपासणी होईपर्यंत शाळेला एवढंच सांगा की गाण्याच्या वेळी त्याला स्पीकरपासून लांब, दाराजवळ बसू द्या, आणि वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. चूक दिसली की हळूच बाईंच्या टेबलाशी जाऊन सांगायची, हे त्याला घरी दोघांनी नाटक करून शिकवा. आणि काहीही झालं तरी गाड्या काढून घेऊ नका. पुढे त्याला जो मित्र मिळेल, तो बहुधा त्यांच्यामुळेच मिळेल.

प्रश्न : आमचा मुलगा तीन वर्षांचा आहे. रस्त्यावरच्या पाट्या, बिस्किटाच्या पुड्यावरची इंग्रजी नावं, सगळं वाचतो. आम्ही शिकवलेलं नाही, मोबाइलवरच्या एबीसीच्या गाण्यांतून शिकला. नातेवाइकांत त्याचे व्हिडिओ फिरतात. पण 'तुझं नाव काय?' विचारलं तर 'तुझं नाव काय' असंच म्हणतो. पाणी हवं असलं की 'तुला पाणी पाहिजे?' म्हणतो. घरात आम्ही मराठी, शेजारी हिंदी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे गोंधळ होत असेल का? माझ्या आईचं म्हणणं मुलगे उशिरा बोलतात. अशा मुलांसाठी खास शाळा असते का?
— एक वडील, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दादा, शाळेचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि याच महिन्यात तपासणी करा. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण इथे थांबण्यात काही फायदा नाही.

अर्थ कळण्याच्या फार आधी, न शिकवता अक्षरं आणि शब्द वाचता येणं, याला हायपरलेक्सिया म्हणतात. हे नाव १९६७ सालापासून वापरात आहे. काही मुलांत ती पुढच्या हुशारीची नांदी असते. पण जिथे वाचन धावतं आणि बोलणं मागे राहतं, तिथे स्वमग्नतेची शक्यता बघावीच लागते. साधी गोष्ट करून बघा. तो वाचू शकेल अशा मोठ्या अक्षरांत, त्याला वाचता येणाऱ्या भाषेत, 'चेंडू खुर्चीखाली ठेव' लिहा आणि चेंडू जवळ ठेवा. वाचून तो चेंडूकडे वळला तर शब्दामागची वस्तू त्याला दिसते आहे. अक्षरं वाचून पुढच्या कागदाची वाट बघत राहिला, तर त्याच्यासाठी ते आवाज आहेत. मग तेच वाक्य तोंडानं सांगून बघा.

'तुला पाणी पाहिजे?' हे तुमचंच वाक्य आहे, ते पाण्याला चिकटलेलं त्यानं जसंच्या तसं उचललं आहे. ऐकलेलं वाक्य तसंच वापरणं आणि 'मी'च्या जागी 'तू' येणं थोड्या काळासाठी सगळ्याच मुलांत दिसतं. तीन वर्षांनंतरही बोलण्याचा मोठा भाग असाच असेल तर तपासायला हवं. तो उगाच पोपटपंची करत नाही, काहीतरी मागतो आहे. त्यामुळे 'असं नाही बोलायचं' म्हणून दटावू नका. त्याच्या वतीनं त्याच्या तोंडी शोभेल असं म्हणा, 'मला पाणी पाहिजे,' आणि पाणी द्या.

आधी कानांची तपासणी करा. लहान मुलांत बेरा ही चाचणी झोपेतही करता येते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तुमच्या शहरातही सोय असेल. नंतर बालविकासतज्ज्ञ. तीन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही आणि बोलणंही बंद पडत नाही, मराठी सोडू नका. मोबाइल बंद करा, तो करायलाच हवा होता, कारण त्यातलं गाणं मुलाच्या उत्तराची वाट बघत नाही. पण 'मोबाइल सोडल्यावर सहा महिने बघू' असं करू नका. मुलगे उशिरा बोलतात हे आईंचं म्हणणं मी रोज ऐकते. वर्षाला बडबड नाही, सोळा महिन्यांना एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांना स्वतःची दोन शब्दांची जुळणी नाही, तर मुलगा असो की मुलगी, दाखवायचं असतं.

तपासणीला जाण्याआधी साबणाच्या फुग्यांची बाटली आणा. चार फुगे उडवा, झाकण घट्ट लावा, बाटली समोर ठेवा आणि हात मांडीवर घेऊन बसा. काही मुलं बाटली तुमच्या हातात कोंबून तोंडाकडे बघून हसतात. काही मुलं तुमचं मनगट धरतात आणि हात झाकणावर नेऊन ठेवतात, तुमच्याकडे एकदाही न बघता. जे दिसेल ते तसंच लिहून डॉक्टरांना द्या. आणि तो काय वाचतो याचे व्हिडिओ नातेवाइकांना पाठवणं सध्या थांबवा. त्या टाळ्यांमुळे घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच्या वाचनावर गेलं आहे आणि बोलण्यावरून उडालं आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पाचवीतली एक मुलगी शिष्यवृत्तीच्या तयारीत सगळ्यांच्या पुढे आहे. वर्गात शहाणी, हसरी, त्रास काहीच नाही. पण माझ्या लक्षात आलंय की ती दुसऱ्या एका मुलीसारखंच हसते, तिच्यासारखीच वेणी, तिचेच शब्द. ती मुलगी गैरहजर असली की ही मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे एकटी बसते. आई सांगते, घरी आल्यावर रोज तासभर रडते, कारण सांगत नाही. कुणाला सांगितलं तर म्हणतात, पहिल्या नंबरची मुलगी, तिला काय झालंय!
— एक शिक्षिका, राजापूर तालुका

उत्तर : बाई, तुम्ही जे टिपलं आहे ते भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं. हुशार मुली हे फार चांगलं शिकतात. इतर मुली कशा हसतात, कधी 'हो ना' म्हणतात, हे गणितासारखं अभ्यासून करतात. दिवसभर ते करण्याचा शीण घरी आल्यावर बाहेर पडतो. मुलींमधली स्वमग्नता मुलांपेक्षा उशिरा ओळखली जाते, त्याचं हे एक मोठं कारण. बुद्धी जितकी जास्त तितकं हे झाकणं सफाईदार, त्यामुळे पहिला नंबर तिच्या आड येतो आहे.

पण रोज रडण्याला दुसरी कारणंही असू शकतात. तिला कुणी चिडवत असेल, अभ्यासाचा धाक असेल, घरात काही चाललं असेल, वाटेत काही घडत असेल. ती आधी शांतपणे बघा. तिला एकटीला 'का रडतेस' विचारू नका, उत्तर मिळणार नाही. 'मधल्या सुट्टीत काय आवडत नाही ते लिहून देशील?' असं विचारा. अशा मुली बोलण्यापेक्षा लिहून नेमकं सांगतात. पालकांशी बोलताना ऑटिझम हा शब्द वापरू नका, तो तुमचा अधिकार नाही आणि पहिल्या भेटीत तो ऐकल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही. टाकीमागचं सांगा, मैत्रीण नसलेल्या दिवसांचं सांगा, आणि तालुक्याला येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवा. तोवर तिला मधल्या सुट्टीत वाचनपेटी लावायचं काम द्या. एकटं बसायला तिला टाकीमागे जावं लागू नये.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा. बुद्ध्यांक १३४ आला आणि त्याच तज्ज्ञांनी स्वमग्नताही सांगितली. दोन्ही एकत्र कसं असेल? सरकारी प्रमाणपत्र काढावं का? आणि त्याला हे सांगायचं का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : दोन्ही एकत्र असतं. शंभर सरासरी धरली तर १३०च्या वर साधारण शंभरात दोन मुलं असतात, आणि त्या दोनांत स्वमग्न मूल असू नये असा काही नियम निसर्गात नाही. अडचण अशी की अशा मुलाची एक बाजू दुसरीला झाकते. हुशारीमुळे मदत मिळत नाही आणि स्वमग्नतेमुळे वरच्या पातळीचा अभ्यास मिळत नाही. त्याला दोन्ही हवं आहे. गणित दोन इयत्ता पुढचं द्या, आणि गटात काम कसं करायचं, न पटलेलं कसं सांगायचं, हे एखादा विषय शिकवावा तसं टप्प्याटप्प्यानं शिकवा. फक्त थेरपी करून मूल कंटाळतं, फक्त ऑलिंपियाड करून एकटं पडतं. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत बुद्धिमान मुलांवर १९६२ सालापासून काम चाललं आहे, तिथली प्रज्ञा मानस संशोधिका चाचण्या आणि मार्गदर्शन करते. अहवाल घेऊन तिथे एकदा बोला.

प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिकासारख्या सवलती त्यावर मिळतात. तुमच्या मुलाला सगळं येतं पण तीन तासांत कागदावर उतरत नाही, असं असेल तर दहावीच्या आधी काढा, ऐन वेळी धावपळ होते. अडचण नसेल तर आत्ता घाई नाही.

सांगायचं का? हो, आणि लवकर. तेरा वर्षांच्या मुलाला आपण वेगळे आहोत हे कळलेलं असतं. कारण कळलेलं नसतं, म्हणून तो स्वतःच एक कारण बनवतो, आणि ते बहुधा 'मी वाईट आहे' असं असतं. घरी, त्याच्या खोलीत, आई-वडिलांपैकी ज्याच्याशी तो जास्त बोलतो त्यानं सांगावं. समोरासमोर बसवून नको, काहीतरी करताना सांगा, चालताना चालेल, गाडीत चालेल. तपासणीत काय काय केलं ते आठवून द्या, त्यात त्याला काय फार चांगलं आलं आणि काय जड गेलं ते सांगा, मग या सगळ्याला ऑटिझम म्हणतात हे सांगा. अहवाल मागितला तर वाचू द्या. अशी मुलं अहवाल ओळीनं वाचतात, त्यातल्या चुका काढतात आणि दोन-तीन दिवसांनी प्रश्न घेऊन येतात. त्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. येत नसतील तेवढी लिहून घ्या आणि पुढच्या भेटीला त्याला घेऊन या, तो स्वतः विचारेल.